दोन जिवांचा ताप

गरोदर बाईला ताप आला की घरात दोन गोष्टी एकाच वेळी होतात. काळजी वाढते आणि औषध थांबते. ‘दोन जिवांची आहे, उगाच गोळ्या नकोत, बाळाला बाधेल,’ असे सासू म्हणते, आई म्हणते, शेजारीण म्हणते, आणि पुष्कळदा औषधाच्या दुकानातला माणूसही तेच म्हणतो. मग काढा होतो, वाफारा होतो, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या जातात आणि दोन-तीन दिवस निघून जातात. या सगळ्यामागे माया असते, यात शंका नाही. पण फ्लूसारख्या आजारात नेमके हेच दोन-तीन दिवस सर्वांत मोलाचे असतात. म्हणून या पुस्तकाचे म्हणणे पहिल्याच पानावर सांगून टाकते: बाई गरोदर आहे म्हणून उपचार थांबवायचे नसतात; गरोदर आहे म्हणून ते इतरांपेक्षा लवकर सुरू करायचे असतात.

श्वसनमार्गाला ग्रासणारे विषाणू अनेक आहेत. या पुस्तकात मुख्यतः तिघांचा विचार केला आहे. पहिला इन्फ्लुएन्झा, म्हणजे फ्लू. दुसरा कोविडचा कोरोना विषाणू. तिसरा आरएसव्ही, तो आईला सर्दीखोकल्यापलीकडे फारसा त्रास देत नाही, पण जन्मलेल्या तान्ह्या बाळाच्या छातीत शिरला तर जिवावर बेतू शकतो. सुरुवातीलाच एक दिलासाही द्यायला हवा. गरोदरपणात सर्दीताप होणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात आणि त्यांची बाळे सुखरूप जन्मतात. हे पुस्तक भीती घालण्यासाठी लिहिलेले नाही. ज्या थोड्या जणींचा आजार बिघडतो, त्यांतल्या अनेकींचा बिघडण्याआधी अडवता येतो. तो कसा अडवायचा, हे सर्वांना ठाऊक असावे एवढ्यासाठी हा खटाटोप आहे.

गरोदर बाईला विषाणू जास्त का छळतो, याचे उत्तर आपण सहसा ‘तिची प्रतिकारशक्ती कमी होते’ असे देतो. हे उत्तर अपुरे आहे. गरोदरपणात प्रतिकारशक्ती खचत नाही, तिची घडी बदलते. निम्मे गुणधर्म वडिलांकडून घेतलेला गर्भ परका ठरून नाकारला जाऊ नये, अशी ती स्वतःला जुळवून घेते. या बदलात विषाणूंशी लढणाऱ्या काही पेशींचे काम मंदावते आणि संसर्ग थोडा जास्त काळ रेंगाळतो. पण खरी अडचण फुप्फुसांत असते. गरोदर स्त्रीच्या शरीराला सुमारे २० टक्के जास्त प्राणवायू लागतो. त्याच वेळी वाढत्या गर्भाशयामुळे श्वासपटल सुमारे ४ सेंटीमीटर वर सरकते आणि श्वास सोडल्यावर फुप्फुसांत शिल्लक राहणारी हवा जवळपास एक पंचमांशाने घटते. म्हणजे गरज वाढलेली आणि शिल्लक कमी झालेली. हृदयही एव्हाना ३० ते ५० टक्के जास्त रक्त फेकत असते. तब्येत ठणठणीत असेपर्यंत हे सगळे बिनबोभाट पार पडते. न्यूमोनिया झाला की मात्र हाताशी काही उरत नाही, आणि सकाळी बरी दिसणारी बाई संध्याकाळपर्यंत धापा टाकू लागते.

यातली एक बाब डॉक्टरांनीही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गरोदर स्त्री एरवीच खोल श्वास घेते, त्यामुळे तिच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा कमी असतो. इतरांमध्ये ‘नॉर्मल’ समजला जाणारा ४० चा आकडा तिच्या रक्ततपासणीत आला, तर तो धोक्याचा इशारा असतो. ती दमली आहे, असा त्याचा अर्थ होतो. ऑक्सिमीटरचेही तसेच. एरवी ९३-९४ वर थोडी वाट पाहिली जाते. गरोदरपणात ९५ च्या खाली आकडा घसरला की हालचाल करायची, कारण बाळाचा प्राणवायू आईच्याच रक्तातून येतो. आपल्याकडे यात आणखी एक भर पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार भारतातल्या ५२ टक्के गरोदर स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. प्राणवायू वाहून नेणारे रक्तच कमी, त्यात फुप्फुस आजारी: हा जोड परदेशी पाठ्यपुस्तकांत ठळक दिसत नाही, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मात्र रोज दिसतो.

बाळाचे काय होते? पहिला प्रश्न नेहमी हाच असतो. फ्लूचा विषाणू वार ओलांडून बाळापर्यंत सहसा पोहोचत नाही. कोविडचा विषाणूही क्वचितच पोहोचतो. बाळाला इजा होते ती बहुधा आईच्या शरीरात उठलेल्या वादळातून. पहिल्या तिमाहीत दीर्घकाळ चढलेला ताप बाळाच्या मेंदू व मणक्याच्या घडणीत दोष आणू शकतो. म्हणून ताप उतरवणे हा बाळाचाच उपचार असतो, आणि त्यासाठी योग्य मात्रेतले पॅरासिटामॉल गरोदरपणात वापरता येते. पुढच्या महिन्यांत आईच्या शरीरातला दाह आणि प्राणवायूची कमतरता यांमुळे कळा अवेळी सुरू होऊ शकतात, बाळाची वाढ खुंटू शकते, आणि आजार गंभीर असेल तर बाळ पोटातच दगावू शकते. ब्रिटनमध्ये २००९ च्या साथीत केलेल्या अभ्यासात, फ्लू होऊन रुग्णालयात दाखल झालेल्या मातांची दर हजारी ३९ बाळे मृत जन्मली किंवा जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात गेली. संसर्ग न झालेल्या मातांमध्ये हे प्रमाण हजारी ७ होते.

कोविडने यात एक नवे प्रकरण जोडले. काही स्त्रियांमध्ये विषाणूने वारेवरच हल्ला केला. वारेत ठिकठिकाणी फायब्रिन, म्हणजे रक्त गोठवणारे प्रथिन, साचले, तिच्या पेशी मेल्या आणि आईला फारसा त्रास नसतानाही बाळापर्यंत जाणारी वाट बंद झाली. २०२१ च्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये मृतजन्मांच्या काही घटनांमधून हे प्रथम ठळकपणे समोर आले, मग अनेक देशांतल्या रोगनिदान-तज्ज्ञांना तेच चित्र दिसले. अमेरिकेत मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ या काळातल्या बारा लाखांहून अधिक बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कोविड असलेल्या मातांमध्ये मृतजन्माचे प्रमाण १.२६ टक्के, नसलेल्यांमध्ये ०.६४ टक्के निघाले. डेल्टाच्या काळात तर धोका चौपट झाला होता. ‘बाळाची हालचाल कमी वाटते’ असे आजारी किंवा नुकत्याच बऱ्या झालेल्या गरोदर बाईने सांगितले, तर ‘उद्या बघू’ हे उत्तर कधीही देऊ नये, ते यासाठी.

हे सारे आपल्याला आजच कळले असे नाही. १९१८ च्या फ्लूच्या साथीनंतर अमेरिकेतले हॅरिस नावाचे डॉक्टर नेटाने माहिती गोळा करत राहिले आणि १९१९ मध्ये त्यांनी १,३५० गरोदर रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांतल्या २७ टक्के स्त्रिया दगावल्या होत्या. सुमारे निम्म्यांना न्यूमोनिया झाला आणि न्यूमोनिया झालेल्यांतल्या निम्म्याहून अधिक गेल्या. न्यूमोनिया नसतानाही २६ टक्के जणींचे गरोदरपण मध्येच संपले. न्यूमोनियात हेच प्रमाण ५२ टक्क्यांवर गेले. १९१८ मध्येच ती साथ मुंबई बंदरातून हिंदुस्थानात पसरली. आपल्या गावोगावच्या आठवणींत ती ‘मानमोडी’ म्हणून राहिली. पावसाने ओढ दिलेले वर्ष, धान्य महाग, आणि घरोघर अंथरुणाला खिळलेली माणसे. देशभरात एक कोटीहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे, आणि १९२१ च्या जनगणनेत लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षाही किंचित कमी भरली. इथे पुरुषांपेक्षा स्त्रिया जास्त दगावल्या. आजाऱ्यांची उस्तवार करणारी तीच, उरलेसुरले खाणारी तीच, आणि अनेकदा पोटात बाळ असलेलीही तीच. पुढच्या वर्षी जन्मांची संख्याही ढासळली. त्यांतली किती गरोदरपणे अर्ध्यावर संपली, याची नोंद कुणी हॅरिसांसारखी ठेवली नाही. ही उणीव आपल्याला आजही सलायला हवी.

१९५७ च्या साथीत अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात फ्लूने गेलेल्या मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांपैकी निम्म्या गरोदर होत्या. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला. पुण्यात ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात देशातला पहिला मृत्यू झाला आणि नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा ज्यांनी पाहिल्या ते त्या विसरलेले नाहीत. त्या वर्षी अमेरिकेच्या लोकसंख्येत गरोदर स्त्रिया सुमारे एक टक्का होत्या. फ्लूच्या मृत्यूंत त्यांचा वाटा पाच टक्के होता. मात्र या वेळी हाती ओसेल्टामिविर हे औषध होते, आणि त्याने जो धडा दिला त्यावर हे पुस्तक उभे आहे. लक्षणे दिसल्यापासून दोन दिवसांत ज्या गरोदर स्त्रियांना ते मिळाले, त्यांतल्या सुमारे ९ टक्क्यांना अतिदक्षता विभागात हलवावे लागले. चार दिवस उलटून गेल्यावर ज्यांना मिळाले, त्यांत हे प्रमाण ५७ टक्के होते. औषध तेच, आजार तोच, फरक दिवसांचा. घरात काढ्यावर काढलेले ते दोन-तीन दिवस या दोन आकड्यांच्या मधले आहेत.

कोविडच्या काळात हाच उशीर घरातून निघून धोरणात जाऊन बसला. मुंबईचे नायर रुग्णालय कोविडबाधित गरोदर स्त्रियांसाठी राखले गेले. तिथे हजाराहून अधिक बाधित मातांची बाळंतपणे झाली. परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने राज्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना सोबत घेऊन ‘प्रेगकोविड’ ही नोंदवही उभी केली. १९१८ मध्ये जे झाले नाही ते या वेळी झाले. पीपीई किटमध्ये घामाने निथळत बाळंतपणे करणाऱ्या डॉक्टर, परिचारिका आणि आयांनी आपल्या राज्याच्या वैद्यकीय इतिहासात मानाने नोंदवण्याजोगे काम केले आहे. त्या नोंदींनी जे सांगितले ते भयंकर होते. १,५३० गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांच्या विश्लेषणात पहिल्या लाटेत मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्के होते. दुसऱ्या लाटेत ते ५.७ टक्के झाले.

आता तारखा पाहाव्यात. भारतात लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले, गरोदर स्त्रियांना वगळून. दुसरी लाट मेच्या सुरुवातीला शिगेला पोहोचली. गरोदर स्त्रियांना लस घेण्याची परवानगी २ जुलैला मिळाली. लस आधी खुली असती तर हे सर्व मृत्यू टळले असते, असे म्हणणे खरे ठरणार नाही. लशीचा तुटवडा होता आणि ४५ वर्षांखालच्या सर्वसाधारण नागरिकांसाठी १ मेपर्यंत लसच नव्हती. पण जानेवारीपासून ज्यांचा पहिला हक्क होता त्या आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये गरोदर डॉक्टर होत्या, गरोदर परिचारिका होत्या, गरोदर आशाताई होत्या. सहकाऱ्यांना लस मिळाली. त्यांना ‘तुम्ही थांबा’ असे सांगण्यात आले. थांबण्यातला धोका कुणीही मोजला नाही. पुढे स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा कोविडने अतिदक्षता विभागात गेलेल्या गरोदर स्त्रियांपैकी ९८ टक्के लस न घेतलेल्या निघाल्या.

गरोदर स्त्रियांना असे का थांबवले जाते, याची मुळे एका खऱ्या शोकांतिकेत आहेत. १९५७ पासून पश्चिम जर्मनीत आणि मग अनेक देशांत विकल्या गेलेल्या थॅलिडोमाइड या औषधामुळे दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या व्यंगांसह जन्मली. १९६१ मध्ये ते मागे घेण्यात आले. त्या धक्क्यातून जगाने असा बोध घेतला की गरोदर स्त्रियांना औषधांच्या चाचण्यांपासून दूर ठेवावे. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तर मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांनाही सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळण्याची सूचना केली. पण थॅलिडोमाइडची खरी चूक नेमकी उलट होती. गरोदरपणात ते सुरक्षित आहे का, याची नीट तपासणी न करताच ते हजारो गरोदर स्त्रियांच्या हाती पडले होते. चाचणीतून वगळले म्हणून धोका नाहीसा होत नाही. तो दवाखान्यात, एकेका बाईच्या वाट्याला, कुणाच्याही नोंदीविना येतो. वेगळे करता येते, हेही दिसले आहे. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ या मोठ्या चाचणीने गरोदर स्त्रियांना दार उघडे ठेवले आणि स्टेरॉइड देताना त्यांच्यासाठी गरोदरपणाला योग्य असा प्रकार निवडला. काळजी घेणे आणि बाहेर ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून सिद्ध झाले.

या विषयातला सर्वांत आशादायक भाग बाळाच्या जन्मानंतर सुरू होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे भराभर जातात. सहा महिन्यांखालच्या बाळाला फ्लूची लस देता येत नाही. त्याला संरक्षण द्यायचे तर ते आईमार्फतच. बांगलादेशात ३४० मातांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हे दाखवून दिले: गरोदरपणात फ्लूची लस घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत खात्रीशीर निदान झालेला फ्लू ६३ टक्क्यांनी कमी होता. नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात लस घेतलेल्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी ४२ ग्रॅमने जास्त भरले. ४२ ग्रॅम कमी वाटतील. पण जिथे हजारो बाळे अडीच किलोच्या उंबरठ्यावर जन्मतात, तिथे तेवढ्यानेही काही बाळे सुरक्षित बाजूला येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये फ्लूच्या लशीसाठी गरोदर स्त्रियांना सर्वोच्च अग्रक्रम दिला. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये गरोदर स्त्रियांसाठी ही लस मोफत सुरू केली. तरीही बाळंतपणाच्या तयारीत धनुर्वाताचे इंजेक्शन जसे गृहीत धरले जाते, तशी फ्लूची लस धरली जात नाही. अनेक घरांत तिचे नावही पोहोचलेले नाही.

आरएसव्हीची गोष्ट याहून नवी आहे. हा विषाणू दरवर्षी जगात पाच वर्षांखालच्या सुमारे एक लाख मुलांचा बळी घेतो, आणि हे मृत्यू जवळपास सगळे गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत होतात. १९६० च्या दशकात त्याच्यावरची एक लस उलटली आणि संशोधन कित्येक वर्षे मागे पडले. २०२३ मध्ये अखेर गरोदर मातेला देण्याची लस अमेरिकेत मंजूर झाली. चाचणीत तिने पहिल्या तीन महिन्यांतला बाळांचा गंभीर आजार सुमारे ८२ टक्क्यांनी कमी केला. या चाचणीत गरोदर स्त्रिया स्वतः सहभागी होत्या. त्यांनी स्वतःहून, समजून-उमजून दंड पुढे केला म्हणून हे ज्ञान मिळाले. अशी लस आपल्या गावातल्या उपकेंद्रापर्यंत, परवडेल अशी, कधी येईल, हा प्रश्न आता विज्ञानाचा कमी आणि इच्छाशक्तीचा जास्त आहे.

पुढच्या प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे. आधी बदलते शरीर, मग विषाणू आणि वार, मग साथींचा इतिहास, मग उपचार, लसी आणि तान्हे बाळ. उपचारांच्या प्रकरणात धोक्याची लक्षणे वेगळ्या चौकटीत दिली आहेत: बसल्या जागी धाप लागणे, एक वाक्य सलग बोलता न येणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, उतरलेला ताप पुन्हा चढणे, बाळाची हालचाल मंदावणे. यातले एकही दिसले तर दवाखाना गाठायचा, मग रात्र असो की सण. त्याच प्रकरणात कोणत्या गोळ्या चालतात आणि कोणत्या टाळायच्या, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांपासून पाचव्या महिन्यानंतर दूर का राहायचे, विषाणूवर अँटिबायोटिक का चालत नाही, याचा खुलासा आहे. आजारी आईने मास्क लावून, हात धुऊन बाळाला अंगावर पाजावे, ही शिफारसही तिथे कारणांसह दिली आहे. कारण साथीच्या भीतीने आई-बाळाची ताटातूट करून बाळाचे भले होत नाही.

हे पुस्तक फक्त गरोदर बाईने वाचावे, अशी आमची अपेक्षा नाही. तिच्यावर आधीच पुष्कळ सूचनांचे ओझे असते, आणि काही बिघडले की दोषही तिच्याच माथी येतो. घरात विषाणू आणणारी ती क्वचितच असते. अंगणवाडीतून परतलेले थोरले मूल, गर्दीच्या लोकलने येणारा नवरा, लग्नसमारंभातून आलेले पाहुणे तो आणतात. त्यामुळे हे पुस्तक नवऱ्याने वाचावे, सासूने आणि आईने वाचावे. गावातल्या आशाताईंनी आणि नर्सबाईंनी वाचावे, कारण गरोदर बाईचा ताप सर्वांत आधी त्यांना कळतो. गल्लीतल्या डॉक्टरांनी वाचावे, कारण ‘गरोदर आहात, मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ एवढे सांगून तिला परत पाठवल्याने आणखी एक दिवस जातो. फ्लूचा संशय असेल तर औषध त्याच भेटीत सुरू करता येते आणि करायला हवे. आणि ज्यांच्या सहीने चाचण्यांचे नियम ठरतात, लशींच्या याद्या ठरतात, त्यांनीही वाचावे.

पुढची साथ येणार, याबद्दल कुणाच्या मनात शंका नाही. ती कोणत्या विषाणूची असेल हे आज सांगता येत नाही, पण त्या दिवशी देशात कोट्यवधी स्त्रिया गरोदर असतील, हे नक्की. त्यांचा विचार औषध तयार झाल्यावर, लस वाटून झाल्यावर, सर्वांत शेवटी करायचा, की पहिल्या चाचणीच्या पहिल्या आराखड्यापासून करायचा, हे आजच ठरवता येते. घरातले ते दोन-तीन दिवस आणि धोरणातले ते सहा महिने एकाच सवयीतून आले आहेत. ही सवय आपण आपापल्या जागी मोडू शकतो: घरात ताप मोजून, दवाखान्यात औषध वेळेवर देऊन, शासनाकडे लस मागून. वाचकांनी एवढे मनावर घेतले, तर या पुस्तकाचे काम झाले असे मी समजेन.